बांधावर ठेवलेलं पान

जवळ ये जरा. हो, तुलाच म्हणतेय, भाचीबाई. तू तिकडे नाशकात, मी इथे मोरव्यात, तरी जवळ ये म्हणते. म्हणजे तो मोबाईल पालथा घाल आणि कागद नीट डोळ्यांसमोर धर. तुझ्या आईला कुठल्याशा लग्नात कुणीतरी सांगितलं, मोरव्याच्या मावशीच्या सुनेने तंबू बंद केले, वाघ आला म्हणून. आणि हे ऐकून तू गप्प बसलीस! एक फोन करवला नाही तुला? सख्खी मावशी वाघाने नेली की ठेवली, एवढं तरी विचारायचंस.

वाघबिघ काही नाही. कोल्हा आला होता. आणि त्याला कोणी बोलावलं तेच सांगायला बसलेय. दुसऱ्याच्या तोंडून तुझ्या कानावर जाण्यापेक्षा माझ्या हातून गेलेलं बरं. अक्षर वेडंवाकडं आहे, चालवून घे. मी दुसरीपर्यंतची. पुढचं सगळं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालंय.

आमचं मिठागर तुला आठवतं ना? लहानपणी तिथल्या चिखलात एक चप्पल घालवून रडली होतीस, तेच. मीठ पिकवणं थांबून वर्षं झाली. वाफ्यांत भरतीचं पाणी येतं, जातं. कडेने तिवरं अशी दाट माजली की आत माणूस शिरत नाही, म्हणून मग बाकी सगळे शिरले. बगळे, खंड्या, थंडीत ते लांब पायांचे गुलाबी रोहित, चिखलात उड्या मारणारे निवटे, चिंबोऱ्या. आणि चिंबोऱ्या खायला कोल्हे.

सून माझी दादरच्या नोकरदार घरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला ओहोटी कुठली आणि भरती कुठली कळत नव्हतं. आणि आता बघ, वाऱ्याच्या वासावरून सांगते. तीच म्हणाली, “आई, ही जागा अशीच ठेवायची असेल तर तिच्यावर काहीतरी चालायला हवं. नाहीतर एक दिवस मातीचा भराव पडेल आणि वर टॉवर उभा राहील.” माझ्या मनातलंच बोलली. आजूबाजूला भराव पडताना बघतेच आहे मी. मग कागदपत्रं, परवानग्या, हेलपाटे, सगळं तिने केलं आणि बांधाच्या अलीकडे, आमच्या घरापासून हाकेवर, चार तंबू उभे राहिले. नवरात्रापासून होळीपर्यंत, शुक्रवारी संध्याकाळी पाहुणे यायचे, रविवारी जायचे. सकाळी माझा मुलगा त्यांना होडीतून खाडीत फिरवायचा, संध्याकाळी सून दुर्बिणी देऊन बांधावरून चालवायची. मिरा रोडच्या टॉवरमधली माणसं रिक्षाने यायची आणि उतरता उतरता म्हणायची, “वा, जंगलात आल्यासारखं वाटतंय.” रिक्षावाला परत फिरेपर्यंत जंगलातच असायची बिचारी.

सुनेचं एकच म्हणणं: आपण इथे झोपलो हे खाजणाला, म्हणजे ह्या तिवरांच्या दलदलीला, कळता कामा नये. त्यासाठी काय काय करायची ती! दिवे सगळे गुडघ्याच्या खाली, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी, उजेड वर जायला नको म्हणून. गाणी बंद. होडीला इंजिन नाही, बांबूने ढकलायची. चालायचं ते एकाच बांधावरून, दुसऱ्यावर पाय ठेवायचा नाही. संडासात पाणी नाही, भाताचं तूस आणि राख. भांडी राखेने. मी हसायची. म्हटलं, “एवढी शिकलीस आणि फिरून आमच्या राखेवरच आलीस?” ती म्हणे, “तुमचं बरोबर होतं, आई, फक्त तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत.”

एका गोष्टीत मात्र मी तिच्या पुढे होते, ते सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. पहिल्या वर्षी न्हाणीचं पाणी केळीत सोडायचं ठरलं. पाइप घातला, पण पाणी केळीत जाईना. बांधाच्या पोटातून झिरपत सगळं साबणाचं पाणी तिवरांत. एक शिकलेला माणूस यंत्र घेऊन आला, मोजून गेला, कागद देऊन गेला. मग मी पदर खोचला आणि अनवाणी चालून बघितलं. मिठागरात जिची हयात गेली तिच्या तळपायाला कळतं पाणी कुठे जायच्या बेतात आहे. दोन हात लांबीचा चर काढला, चिखल चोपला, झालं. पाणी आज्ञाधारकासारखं केळीत. त्यानंतर सून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायची, “हे आमच्या आईंनी केलं.” पाहुणे माझ्याकडे बघायचे आणि मी उगाच सूप घेऊन तांदूळ पाखडायला लागायची. बरं वाटायचं गं. खोटं कशाला बोलू.

आता राखणीचं ऐक. तुमच्याकडे नाही ती पद्धत. आमच्या बांधावर, उघाडीच्या जवळ, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायची फळी असते ना, तिथे एक दगड आहे. मूर्ती नाही, शेंदूर नाही. तो राखणदार. आम्ही मीठ पिकवायचो तेव्हा वर्षातून एकदोनदा त्याला मान द्यायचा. पानावर भात, एक उकडलेलं अंडं, सुकटीची चिमूट. दिवेलागणीला ठेवायचं आणि मागे न बघता घरी यायचं. सकाळी पान रिकामं दिसलं की त्याने घेतलं. कोण घेतं ते सगळ्यांना ठाऊक असायचं आणि कोणी बोलायचं नाही. माझी सासू म्हणायची, “बांधावर परका मानूस झोपंल त्या दिशी मान चुकवायचा न्हाय.” तेव्हा मीठ काढायला बाहेरून मजूर यायचे, हंगामाला एकदा, ते झोपड्या घालायचे. त्या दिवशी एक पान जास्त.

आणि आता दर शुक्रवारी परकी माणसं येऊन झोपायला लागली. सांग, मी काय करणार होते?

सुनेला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते विचारू नकोस. ती हसली नसती, हे मला ठाऊक होतं. पण तिने दुर्बीण लावून बघितलं असतं आणि वहीत लिहिलं असतं. काही गोष्टी वहीत जायच्या नसतात, असं मला वाटायचं. शुक्रवार, शनिवार, दिवे लागायच्या सुमाराला पदराखाली पान घेऊन मी निघायची. कोणी विचारलं तर पाय मोकळे करायला चालले म्हणायची. आणि मनातून वाटायचं, एवढी माणसं येतात, कुणाला विंचू चावला नाही, कोणी उघाडीत पडलं नाही, ते उगाच का?

वही म्हणाले ना, ती सुनेची जाड वही. कुठलं पाखरू, कुठला प्राणी, किती वाजता, माणसापासून किती पावलांवर, सगळं रोजच्या रोज. मी ती वाचायची. त्या वहीत कोल्हा पहिल्या वर्षी एकदाच होता, दोनशे पावलांवर, पाठमोरा. दुसऱ्या वर्षी ऐंशी. यंदा दिवाळी झाली आणि वीस. मग दहा. भर उजेडात, अजून सूर्य बुडतोय तोवर हा हजर. एका पाहुण्याची चप्पल उचलून नेली. पाहुणे खूश, टाळ्या काय, व्हिडिओ काय. एक बाई तर मला म्हणाली, “आंटी, ये आपका पालतू है क्या?”

पालतू! सुनेचं तोंड एवढंसं झालं. गावात तर वेगळंच सुरू झालं. कोल्हा माणसाला भीत नाही म्हणजे पिसाळला, असं इकडे समजतात. दोघातिघांनी काठ्या काढून ठेवल्याचं कानावर आलं. सून मला म्हणाली, “आई, त्याला आपली सवय लागली. असंच चाललं तर कोणीतरी मारेल त्याला, आणि मारणाऱ्याला मी काय बोलू? त्याला इथे आणलं आपणच. हे थांबलं नाही ना, तर मी तंबू काढून टाकते. कायमचे.”

कायमचे! तंबू गेले की भरावाच्या गाड्या यायला किती वेळ?

आणि मी तरीही बोलले नाही.

तिने शोध सुरू केला. वही उलटीसुलटी केली. सोमवार ते गुरुवार कोल्हा नाही, शुक्रवारी येतो. म्हणजे पाहुण्यांचं खाणं. मग पाहुण्यांच्या पिशव्या दारातच तपासायला लागली. लहान पोरांची चॉकलेटं काढून डब्यात ठेवायची, जाताना परत द्यायची. एक पोरगी इतकी रडली की शेजारच्या तंबूतले उठून आले. तरी कोल्हा येतच राहिला. मग उरलं कोण? स्वयंपाकघर. तिथे माझी धाकटी जाऊ. पाहुण्यांचं रांधायची ती, तांदळाच्या भाकऱ्या, चिंबोरीचा रस्सा, माणसं बोटं चाटायची.

सुनेने विचारलं तेही हळूच विचारलं. “काकी, माशांची आतडी, काटे, तुम्ही कुठे टाकता?”

जावेने हातातली भाकरी तव्यावर तशीच ठेवली. “डब्यात टाकते, झाकन लावते, वर दगड ठेवते. तूच सांगितलंस ना तसं?”

“हो, पण कधी चुकून, घाईत...”

“माझ्या हाताला माशाचा वास हाय म्हनून मीच का गो?”

भाकरी करपली. तिने ती उतरवली, पदराला हात पुसले आणि माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. मी कोथिंबीर निवडत होते, ती निवडत राहिले. मग ती चप्पल घालून घरी गेली ती दुसऱ्या दिवशी आली नाही. वहीत सुनेने लिहिलं, “स्वयंपाकघरातला कचरा?” पुढे प्रश्नचिन्ह. मी वाचलं.

त्यानंतरचे दिवस विचारू नकोस. एका जागी बूड टेकेना. सकाळी उठून अंगण झाडायची, झाडून झालेलं परत झाडायची. तांदूळ निवडायला घ्यायची आणि खडे ताटात ठेवून तांदूळ टाकायची. मिठागराची सून मी, पण सलग दोन दिवस आमटीत मीठ घालायला विसरले. मुलगा म्हणाला, “आई, बीपीची गोळी घेतलीस का?” म्हटलं, घेतली. जावेच्या घरावरून रोज दोनदा जायची, एकदा बाजाराला, एकदा उगाच. तिच्या दारात सुकट वाळत घातलेली दिसायची, ती दिसायची नाही. मनात म्हणायची, आज सांगते. सुनेच्या समोर उभी राहायची आणि तोंडून निघायचं, “चहा टाकू का?” इतका चहा झाला त्या आठवड्यात की सून म्हणाली, “आई, तुम्हाला झोप येत नाही ती ह्या चहाने.”

आणि शुक्रवार आला तशी मी पान लावलं! हे तुला पटतंय का? सगळं कळत होतं आणि हात आपोआप भात वाढत होते. सासू डोळ्यांसमोर, परकी माणसं येणार, मान चुकवून कसं चालेल.

बांधावर गेले. अजून उजेड होता. उघाडीपाशी दगड, आणि दगडाच्या शेजारी कोल्हा बसलेला. उभा नाही गं, बसलेला. मागचे पाय दुमडून, कान टवकारून, मांजर स्वयंपाकघराच्या दारात बसतं ना दूध मिळेल म्हणून, अगदी तसा. मी थांबले तरी तो हलला नाही. माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, हाताकडे बघत होता. हातातलं पान जरा डावीकडे केलं, त्याची मान डावीकडे.

माझ्या सासऱ्यांनी उभा जन्म त्या बांधावर काढला. त्यांना कोल्ह्याचं शेपूट तेवढं दिसायचं, तेही तिवरांत शिरताना. आणि हा माझ्यासमोर वाट बघत बसलाय. मला एकदम असं लाजल्यासारखं झालं. राखणदार कधी वाट बघत बसेल का? आपण त्याची वाट बघायची की त्याने आपली? मी मानाच्या नावाने एका जनावराला भिकेला लावलं होतं.

“हट!” म्हटलं. हलला नाही. चप्पल काढून चिखलावर आपटली, तेव्हा उठला, दोन पावलं गेला आणि परत बसला. मी पान घेऊन उलटी फिरले. आणि हा माझ्या मागे! मी चालतेय, तो चालतोय. तंबू दिसायला लागले तेव्हा कुठे थांबला.

सून ओट्यावर बसून दिव्यांच्या काचा पुसत होती. तिच्यापुढे मी ते पान ठेवलं. भात, अंडं, सुकट.

“हे काय, आई?”

सांगितलं सगळं. सासूपासून सांगितलं. ती हातातली काच पुसत राहिली, लख्ख झाली तरी पुसत राहिली. मग म्हणाली, “कधीपासून?”

“पहिले पाहुणे आले तेव्हापासून.”

“मी पोरांची चॉकलेटं काढून घेतली, आई.”

“हो.”

“तुम्ही वही वाचता ना?”

“वाचते.”

“मग काकींचं लिहिलं तेही वाचलं असेल.”

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मीही चार शब्द बोलले असते, सासू आहे म्हणून. आत गेली आणि एकेका पाहुण्याला फोन करायला लागली. ऐन थंडी, रोहित आलेले, सगळे तंबू भरलेले, आणि ही सगळ्यांना नाही म्हणत होती. शेवटचा फोन ठेवून माझ्याकडे वळली. “पूर्ण एक महिना तो बांधाच्या अलीकडे दिसला नाही, तरच तंबू उघडायचे. नाहीतर नाही. एकदा जरी दिसला तरी पहिल्यापासून मोजायचं.” वहीतलं ते प्रश्नचिन्हाचं वाक्य तिने खोडलं आणि वही माझ्या हातात दिली. “पुढचं तुम्ही लिहा.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच जावेकडे गेले. ती दारात सुकट निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, “आलीस बाय? बस. चहा न्हाय मिलनार. साखर कोल्ह्याने नेली.”

मी बसले. म्हटलं, “मी पान ठेवत होते गो, बांधावर.”

“मना ठाऊक हाय.”

“काय ठाऊक हाय?”

“दर शुक्रवारी माझ्या टोपातला भात कमी व्हतो, एक अंडं जातं, आनि तू पाय मोकळे करायला जातेस. पदर असा पुढं धरून. पोटुशी बाई चालते तशी. या वयात!” आणि हसली गं ती. मी रडायच्या बेतात आणि ती हसतेय.

“मग बोलली का न्हाईस? तुझ्यावर आळ आला तेव्हा तरी?”

“सासूचा मान हाय तो. मी कशी मोडनार? आनि मी बघत व्हते,” सुकटीतला एक कचरा काढून तिने बाजूला टाकला, “तू कवा बोलतेस ते. लई दिवस लावलेस, बाय.”

  मी तिच्यासोबत सगळी सुकट निवडली आणि मग चहा मिळाला, साखर घातलेला. चहा पिता पिता तीच म्हणाली, “मान द्यायचाच असंल तर मीठ दे. आपन मीठवाले. मीठ कोन खातंय? दवात विरघळून जाईल.” आता अवसेला मी मूठभर खडेमीठ दगडावर ठेवते, एकदाच. सुनेला सांगून ठेवते.

कोल्ह्याचं विचारशील. शुक्रवारचं मिळेना म्हणून की काय, पहिले काही दिवस तो रोज यायचा. दगडापाशी बसायचा, वाट बघायचा. मला घरातून खिडकीतून दिसायचा आणि मी खिडकीपासून दाराशी, दारापासून खिडकीशी. सुनेला म्हटलं, “उपाशी मरेल गं तो.” ती म्हणाली, “आई, खाडीतल्या चिंबोऱ्या संपल्या का?” सून आणि मुलगा पातेली बडवत त्याला बांधापलीकडे हाकलायचे. काठ्या काढून ठेवलेल्यांच्या घरी जाऊन मी स्वतः सांगून आले, तो पिसाळलेला नाही, चूक माझी आहे. एक म्हातारा म्हणाला, “मावशे, तूच का?” त्या “तूच का”मुळे मी अजून रस्ता बदलून जाते.

मोजणी दोनदा पहिल्यापासून झाली. एकदा नवव्या दिवशी आला, एकदा सोळाव्या. सोळाव्या दिवशी मी वहीत लिहिताना पेन मोडलं. आता बावीस दिवस झालेत. संध्याकाळी लांबून, खाडीच्या पलीकडून त्याची कोल्हेकुई येते, दोघंतिघं असावेत. दिसत नाही. मी लिहिते, “ऐकला. दिसला नाही.” आठ दिवस उरलेत. पाहुणे फोन करतात, सून म्हणते, अजून सांगता येत नाही. जाऊ येऊन रिकाम्या चुलीपुढे बसते आणि म्हणते, “यंदा काय आपला रस्सा आपल्यालाच.”

दिवस निघून जातो गं. दिवेलागण जात नाही. तेवढी वेळ आली की हात शिवशिवतात, पान शोधतात. काल भाताचं भांडं उघडून उभी होते, कशाला ते मलाच कळेना. सुनेने बघितलं आणि भांड्यावर झाकण ठेवलं.

म्हणून म्हणते, ये. तंबू उघडण्याची वाट बघू नकोस, ह्याच आठवड्यात ये, हे आठ दिवस संपायच्या आत. खाऊ आणलास तर घरात बसून खाऊ, दार लावून. आणि संध्याकाळ झाली की तू माझा हात धर आणि मला बाजाराच्या बाजूला चालायला ने. बांधाच्या बाजूला नको. येशील ना? फोन करून नको विचारूस काय आणू म्हणून. नुसती ये.